चतुःसीमा

बँकेच्या नोकरीतील चौतीस वर्षांत मी सर्वांत अधिक वेळा काय वाचले असेल, तर गहाणखतातील चतुःसीमा. ‘पूर्वेस अमुक यांचे राहते घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस तमुक यांची मोकळी जागा’, अशा त्या चार ओळी. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या तिजोरीत असा एखादा कागद असेलच. दुकान असो, वखार असो की वडिलोपार्जित वाडा असो, त्याच्या चारही बाजू कोणाला ना कोणाला लागून असतात आणि मालमत्तेचे मोल जितके आतील जागेवर, तितकेच त्या चार बाजूंच्या शांततेवर ठरते. कर्जाचा अर्ज हाती आला की क्षेत्रफळाआधी चतुःसीमा पाहायची, ही सवय तेव्हा जडली ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत फिनिक्स येथे होतो. आता काय पाहायचे राहिले, असे जावईबापूंनी विचारले. ग्रँड कॅन्यन पाहून झाले होते, लास व्हेगासची हौस नव्हती. मी फोर कॉर्नर्सचे नाव घेतले. ते हसले. म्हणाले, “पप्पा, तिथे वाळवंटात एक धातूची चकती आहे. बाकी काही नाही.” मी म्हटले, “तीच पाहायची आहे.”

युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही चार राज्ये ज्या एका बिंदूत मिळतात, त्या जागेचे हे नाव. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत असा बिंदू हा एकच. तीन राज्ये मिळतात अशा जागा पुष्कळ आहेत. आपल्याकडेही सह्याद्रीत, नर्मदाकाठी, गोदावरीच्या अंगाने त्या सापडतील. परंतु चार कोपरे नेमके एकमेकांना टेकावेत, हे नद्यांनी आणि डोंगरांनी ठरवलेल्या सीमांत सहसा घडत नाही. त्यासाठी कोणीतरी दूर बसून कागदावर पट्टी ठेवून रेषा ओढाव्या लागतात.

फ्लॅगस्टाफ या गावाहून तेथपर्यंतचा रस्ता सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा आहे. फ्लॅगस्टाफच्या उत्तरेला सॅन फ्रान्सिस्को नावाची शिखरे उभी आहेत. शहराचे नाव तेच असले, तरी शहराशी त्यांचा संबंध नाही. ती मागे पडली की झाडे संपतात आणि तांबूस, भगवी, कधी राखाडी अशी उघडी जमीन सुरू होते. मैलोगणती वस्ती नाही. मध्येच एखादे एकाकी घर, त्याच्याजवळ पाण्याची टाकी वाहून नेणारी गाडी, दोन घोडे. हा नवाहो लोकांचा प्रदेश. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. या प्रदेशाला नवाहो नेशन म्हणतात; त्याचा अध्यक्ष वेगळा, कायदेमंडळ वेगळे, न्यायालये वेगळी, पोलीसही वेगळे. क्षेत्रफळ सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास चौथ्या हिश्श्याइतके. आणि ते ॲरिझोना, न्यू मेक्सिको व युटा अशा तीन राज्यांत पसरलेले आहे.

सीमा ओलांडल्याची पहिली वर्दी आम्हांला घड्याळाने दिली. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत आहे. ॲरिझोना राज्य ती पाळत नाही; नवाहो नेशन पाळते, कारण तीन राज्यांत विखुरलेल्या आपल्या माणसांना एकच वेळ हवी. आता गंमत अशी की, नवाहो प्रदेशाच्या पोटात होपी नावाच्या दुसऱ्या जमातीचा प्रदेश आहे आणि ते लोक ॲरिझोनाप्रमाणेच घड्याळ हलवत नाहीत. ट्यूबा सिटीपाशी हमरस्ता दोन्ही प्रदेशांच्या हद्दीवरून जातो. तासाभराच्या आत मुलीच्या फोनवरील घड्याळ तीनदा बदलले. सौभाग्यवतींची सूर्यास्तापूर्वी जेवून घेण्याची चिंता निराळीच. शेवटी मुलगी म्हणाली, “मम्मी, घड्याळाकडे बघू नकोस, खिडकीतून बघ. सूर्य एकच आहे.” त्या दिवशी थेपले आणि कोरडी चटणी केयेंटा गावाबाहेर, गाडी बाजूला लावून, खिडकीतील सूर्याच्या हिशोबाने झाली.

होपी प्रदेशाच्या सीमेची कथा मात्र हसण्यासारखी नाही. १८८२ साली राष्ट्राध्यक्ष आर्थर यांच्या आदेशाने नकाशावर एक सरळ चौकोन आखला गेला. तो होपींसाठी आणि सरकार वसवील त्या इतर आदिवासींसाठी, अशी त्यात मोघम भाषा होती. त्या चौकोनात नवाहो मेंढपाळही राहत होते. कर्जरोख्यात असा मोघम शब्द राहिला तर त्याची फळे दहा वर्षांनी दिसतात. येथे ती नव्वद वर्षांनी दिसली. १९७४ च्या कायद्याने त्या जमिनीची वाटणी झाली आणि हजारो नवाहोंना व शंभराच्या आसपास होपींना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून कुंपणाच्या पलीकडे जावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चतुष्कोनाच्या जागी पोहोचलो. प्रवेशशुल्क माणशी आठ डॉलर, ते नवाहो नेशनच्या उद्यान खात्याकडे जमा होते. कोलोरॅडोच्या बाजूचा कोपरा मात्र यूट माउंटन यूट या दुसऱ्या जमातीच्या भूमीत पडतो. म्हणजे ही जागा चार राज्यांची सीमा आहे, तशीच दोन जमातींचीही आहे. मध्ये फरसबंद चौक, त्यात बसवलेली धातूची गोल चकती, तिच्यापासून चार दिशांना गेलेल्या रेषा आणि भोवती चार राज्यांचे ध्वज. चौक २०१० साली नव्याने बांधला आहे. त्याच्या चारही अंगांना नवाहो कारागिरांच्या टपऱ्यांची रांग. पलीकडे मोकळे माळरान आणि आभाळ. जावईबापूंचे वर्णन अगदीच चुकीचे नव्हते.

चकतीपाशी मात्र रांग होती. जो तो येतो, दोन हात दोन राज्यांत, दोन पाय दोन राज्यांत ठेवून ओणवा होतो आणि छायाचित्र काढून घेतो. माझ्या आठ वर्षांच्या नातीने तेच केले. एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ तर खुर्ची घेऊन आले होते. ते तिच्यावर बसून राहिले, खुर्चीचा एकेक पाय एकेका राज्यात. सौभाग्यवतींनी ओणवे होण्यास साफ नकार दिला आणि नुसता उजव्या पायाचा अंगठा मध्यावर टेकवून, “झाली चार राज्ये, आता सावलीत बसू,” म्हणून त्या निघाल्या.

मी मात्र तेथे बराच वेळ रेंगाळलो, कारण ती चकती मुळात ठरलेल्या जागेवर नाही, हे मी आधी वाचून गेलो होतो.

त्याची हकिकत अशी. १८६१ साली अमेरिकी काँग्रेसने कोलोरॅडो प्रांत निर्माण केला, तेव्हा त्याची दक्षिण सीमा ३७ वे अक्षवृत्त आणि पश्चिम सीमा वॉशिंग्टनपासून पश्चिमेस ३२ वे रेखावृत्त अशी लिहिली. त्या काळी अमेरिकन कायदेमंडळ रेखांश ग्रिनिचपासून न मोजता आपल्या राजधानीतील वेधशाळेपासून मोजत असे. यात नवल नाही. आपले जुने ज्योतिषीही शून्य रेषा उज्जयिनीवरूनच धरीत. दोन वर्षांनी, १८६३ मध्ये, न्यू मेक्सिको प्रांताचे दोन भाग करून ॲरिझोना प्रांत वेगळा काढला, तेव्हा कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून सरळ दक्षिणेकडे रेषा ओढावी, एवढेच सांगितले. म्हणजे चौथा कोपरा तयार झाला तो कायद्यातील एका वाक्याने. ज्यांनी तो मंजूर केला, त्यांना येथील माती पाहण्याची गरज पडली नव्हती.

प्रत्यक्ष जमिनीवर खुणा करायला माणसे आली ती नंतर. एहुद डार्लिंग यांनी १८६८ साली ३७ व्या अक्षवृत्ताची रेषा आखली. चँडलर रॉबिन्स यांनी १८७५ साली ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्यामधील रेषेसाठी या कोपऱ्यावर वालुकाश्माचा खांब उभा केला. रात्री ताऱ्यांचे वेध घ्यायचे, दिवसा ऊन, वारा आणि दऱ्याखोरी यांतून साखळी ओढत न्यायची, असे ते काम. अमेरिकन मोजणीची ती साखळी ६६ फुटांची. आपल्या वाचकांना हा आकडा परका वाटू नये. तिच्या निम्म्याने, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा मोजली की आपला एक गुंठा होतो आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. ब्रिटिशांची तीच साखळी एकीकडे आमच्या सातबाऱ्यावर पोहोचली आणि दुसरीकडे या वाळवंटात.

इतक्या कष्टांनी रोवलेला खांब मूळ कायद्यात अभिप्रेत असलेल्या जागेच्या पूर्वेस सुमारे १,८०० फूट पडला. आजची साधने पाहता ही चूक मोठी वाटेल. त्या काळची साधने पाहता मला ती थोडकीच वाटते. २००९ साली अमेरिकन वृत्तपत्रांनी ही चूक अडीच मैलांची असल्याच्या बातम्या छापल्या आणि लोकांनी यथेच्छ हसून घेतले. बातमीदारांनी वॉशिंग्टनच्या रेखांशाऐवजी ग्रिनिचचा रेखांश धरला होता. अखेर तेथील राष्ट्रीय भूमापन विभागाला खुलासा करावा लागला की, फरक १,८०७ फुटांचा आहे. आणि त्यापुढे आणखी एक वाक्य, जे मला जास्त महत्त्वाचे वाटते. स्मारक जेथे आहे, तीच कायदेशीर सीमा होय.

असे का? याचे उत्तर एका खटल्यात आहे. १९०२-०३ मध्ये हॉवर्ड कार्पेंटर या मोजणीदाराने कोलोरॅडो व न्यू मेक्सिको यांच्यामधील रेषा पुन्हा, अधिक अचूकपणे आखली. नवी रेषा अनेक ठिकाणी जुन्या रेषेला सोडून होती. काँग्रेसने नवी रेषा मान्य करणारा ठराव केला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ साली तो नाकारला. १९१९ मध्ये न्यू मेक्सिको राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड होते. कायदा म्हणतो ३७ वे अक्षवृत्त, कार्पेंटरची रेषा त्या अक्षवृत्ताच्या जवळ आहे, मग तीच खरी. न्यायालयाने १९२५ साली निकाल दिला तो डार्लिंगच्या रेषेच्या बाजूने. अर्धशतकाहून अधिक काळ सर्वांनी ती रेषा सीमा मानली, तिच्या आधाराने कारभार चालवला, न्यू मेक्सिको १९१२ साली राज्य झाले तेही तीच रेषा चालू असताना. आता अचूक मोजणीच्या नावाखाली ती उखडता येणार नाही. नकाशात कोलोरॅडो नीटस आयत दिसते. जमिनीवर त्याच्या कडा ठिकठिकाणी वाकड्या आहेत आणि त्या वाकड्याच कायदेशीर आहेत.

सहा वर्षांत निकाल लागला, याचे मराठी माणसाला कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा आपला सीमाप्रश्न २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला आणि अजून तेथेच आहे. निपाणी-बेळगावकडील ज्या वाचकांची दुकाने एका राज्यात आणि सोयरीक दुसऱ्या राज्यात आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

हा निकाल वाचताना मला एका तालुक्याच्या गावातील प्रकरण आठवले होते. दोन चुलत भाऊ. एकाचा कापडाचा व्यापार, दुसऱ्याचा भुसाराचा. दोन्ही दुकाने लागून, मध्ये सामाईक भिंत. थोरल्याने मजला चढवण्यासाठी कर्ज मागितले, म्हणून मोजणी झाली. तर भिंत चौदा इंच धाकट्याच्या हद्दीत निघाली. दुकान बाजारपेठेतले, तेव्हा चौदा इंचांची किंमत काही लाखांत होती. धाकट्याला कोणी तरी सल्ला दिला की, आता भिंत पाडायला लाव. आमच्या वकिलांनी शेरा मारला की, वाद मिटल्याशिवाय कर्ज देऊ नये. मी दोघांना शाखेत बोलावले. धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “साहेब, ही भिंत १९५८ साली वाटणी झाली तेव्हा बांधली. माझे वडील या बाजूला उभे होते, काका त्या बाजूला. दोरी दोघांनी मिळून धरली होती. मोजणीदार तेव्हा नव्हता, तो आता आला आहे.” दोघांनी भिंत हीच हद्द असा करार नोंदणी करून दिला. वर्षभरात मजला उभा राहिला आणि कर्ज मुदतीपूर्वी फिटले.

अमेरिकन न्यायाधीशांनी जे पानोपानी लिहिले, ते त्या भुसार व्यापाऱ्याने चार वाक्यांत सांगितले, असे मी बरीच वर्षे मानत आलो होतो. फोर कॉर्नर्सला त्या चकतीपाशी उभा असताना मात्र त्यातील एक वाक्य निराळे ऐकू येऊ लागले. दोरी दोघांनी मिळून धरली होती. येथे दोरी कोणी धरली होती?

डार्लिंग ज्या वर्षी रेषा आखत होते, त्याच १८६८ साली नवाहो लोक आपल्या भूमीत नव्हते. चार वर्षांपूर्वी अमेरिकन सैन्याने त्यांची शेते आणि पीचच्या बागा उद्ध्वस्त करून, हजारोंना शेकडो मैल पायी चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्व भागातील बॉस्के रेदोंदो येथे नेऊन डांबले होते. पुष्कळजण वाटेतच गेले. पुष्कळजण तेथील खारट पाण्याने, रोगराईने आणि उपासमारीने. सरकारचा विचार त्यांना तेथून आणखी पूर्वेस, आजच्या ओक्लाहोमाकडे हलवण्याचा होता. त्यांचा पुढारी बार्बोन्सितो याने ते मान्य केले नाही. त्याचे मागणे एकच, आम्हांला घरी जाऊ द्या. १ जून १८६८ रोजी तह झाला आणि ते घरी परतले. मूळच्या प्रदेशातून हुसकावलेल्या इतक्या जमातींपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला हे आले.

त्या तहाचे दुसरे कलम मी वाचले, तेव्हा बँकेतील टेबलापाशी बसल्यासारखे वाटले. त्यात चतुःसीमा आहे. उत्तरेस ३७ वे अक्षवृत्त. दक्षिणेस जुन्या फोर्ट डिफायन्सवरून जाणारी पूर्वपश्चिम रेषा. पूर्वेस जुन्या फोर्ट लायनवरून जाणारे रेखावृत्त. पश्चिमेस ग्रिनिचपासून सुमारे १०९ अंश ३० मिनिटे पश्चिम रेखावृत्त. राज्यांची सीमा वॉशिंग्टनपासून मोजलेली, आदिवासींची ग्रिनिचपासून, आणि दोन्ही लिहिणारे सरकार एकच! वाटाघाटी नवाहोतून स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून इंग्रजीत अशा दोन दुभाष्यांच्या तोंडून झाल्या. बहुतेक नवाहो पुढाऱ्यांनी सहीऐवजी फुलीची खूण केली. आपल्याकडे कर्जदाराला न समजणाऱ्या भाषेतील कागद असेल, तर तो समजावून सांगितला असा दाखला खाली लिहून घ्यावा लागतो. साडेएकशेनऊ अंश म्हणजे काय, हे दोन भाषा ओलांडून बार्बोन्सितोला कसे समजावले असेल, याची कल्पना करून पाहावी.

कारण त्यांची स्वतःची चतुःसीमा होती आणि ती कोणालाही दुरून दिसावी अशी होती. पूर्वेस ब्लँका शिखर, दक्षिणेस माउंट टेलर, पश्चिमेस ज्यांच्या पायथ्याशी आम्ही आदल्या दिवशी चहा घेतला ती सॅन फ्रान्सिस्को शिखरे, उत्तरेस हेस्पेरस. या चार पर्वतांच्या आत दिनेंनी राहायचे, अशी त्यांची श्रद्धा. प्रत्येक पर्वताला एक रंग आणि एक रत्न: पूर्वेला पांढरा शिंपला, दक्षिणेला पिरोजा, पश्चिमेला अबालोनीचा शिंपला, उत्तरेला काळा जेट. त्या चौकटीत आज चारही राज्यांचे तुकडे येतात. तहाने दिलेला प्रदेश तिच्या मानाने लहान होता. पुढे १८७८ पासून टप्प्याटप्प्याने भर पडत तो आजच्या आकाराला आला. तरीही ते चारही पर्वत त्याच्या सीमेबाहेरच राहिले.

व्यापारी कुटुंबांच्या या मासिकात आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. या प्रदेशात शंभरएक वर्षे व्यवहार चालला तो ट्रेडिंग पोस्ट नावाच्या एकाकी दुकानांतून. व्यापारी बहुधा गोरा, सरकारी परवाना घेऊन बसलेला. मैदा, साखर, कॉफी, कापड तो उधार देई. वसंतात लोकर आणि शरदात कोकरे आली की खाते चुकते होई. काही दुकानदार स्वतःच्या नावाची पितळी नाणी पाडत. ती त्यांच्याच दुकानात चालत. ॲरिझोनातील गॅनाडो येथील हबेल यांची १८७८ ची पेढी आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केली आहे. स्मारकापासून काही मैलांवर टीक नोस पोस येथे १९०५ सालापासूनची अशीच पेढी आहे. त्या गावाच्या नावाने एका प्रकारचे नवाहो गालिचे जगभर ओळखले जातात.

खात्यावर भागले नाही की दागिने गहाण पडत. चांदी आणि पिरोज्याचे हार, कंकणे, पट्टे. चांगला व्यापारी घरातील विधीसाठी तोच दागिना चार दिवस मालकाला वापरायला देई आणि मग परत घेई. हे वाचून मला आमच्या आजोबांच्या पेढीची आठवण झाली. लग्नकार्याला गहाणातील पाटल्या देण्याची रीत तेथेही होती. परंतु सगळेच व्यापारी चांगले नव्हते. वाढीव भाव, न दिलेल्या पावत्या, मुदतीआधी विकून टाकलेले दागिने अशा तक्रारी वाढल्या. १९७० च्या दशकात केंद्र सरकारची चौकशी झाली, नियम कडक झाले आणि गहाणाचा धंदा उठून नवाहो सीमेबाहेरच्या गॅलपसारख्या गावांत जाऊन बसला. नवाहो प्रदेशात दारूविक्रीस बंदी आहे. दारूची दुकानेही अशीच सीमेच्या पलीकडे, पहिल्याच वळणावर. सीमेच्या अलीकडे काय बंद आहे, हे पाहायचे असेल तर पलीकडील पहिले दुकान पाहावे.

बँकेच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे आणि ती अजून सुटलेली नाही. येथील बहुतेक जमीन अमेरिकन सरकारने जमातीसाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली आहे. कुटुंबाला घरासाठी भाडेपट्टा मिळतो. जमीन नावावर होत नाही, म्हणून ती बँकेकडे सहज तारण ठेवता येत नाही. या व्यवस्थेने जमीन परक्यांच्या हाती जाण्यापासून वाचवली, हे खरे. पण घर बांधायला, दुकान काढायला लागणारे कर्जही त्यामुळे दुर्मीळ झाले. चौतीस वर्षे तारण पाहून कर्ज दिलेल्या माणसाला यावर पटकन तोड सुचेल असे वाटले होते. परतीच्या साडेतीनशे किलोमीटरांत ती सुचली नाही.

टपऱ्यांच्या रांगेत मैद्याची तळलेली मोठी पोळी मिळत होती. बंदिवासात मिळणाऱ्या सरकारी शिध्यातील मैदा आणि चरबी यांतून ती जन्मली, असे सांगतात. सौभाग्यवतींनी कशात तळता, असे विचारले. बाईंनी आढेवेढे न घेता डुकराची चरबी म्हणून सांगितले आणि वर, तुम्ही खात नसाल तर घेऊ नका, असेही म्हणाल्या. असा सरळ दुकानदार भेटला की बरे वाटते.

पलीकडच्या टपरीत एका पन्नाशीच्या बाईंकडून मी मुलीसाठी पिरोज्याचे कंकण घेतले. भाव केला नाही. त्यांनी सांगितला तोच दिला. टपरी न्यू मेक्सिकोच्या बाजूला होती. तुम्ही कोणत्या राज्यात राहता, असे मी विचारले. त्यांनी प्रथम आपल्या आईच्या कुळाचे नाव सांगितले, मग वडिलांच्या. नवाहोंत ओळख करून देण्याची रीत तशीच आहे. मग घर ॲरिझोनात असल्याचे म्हणाल्या. थोरली बहीण पलीकडे युटात, मेंढ्या तिच्याकडे. धाकटा मुलगा कोलोरॅडोत कॉर्टेझला नोकरीला. कंकण कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांनी मलाच विचारले, “तुमच्या गावाच्या चार बाजूंना कोणते डोंगर आहेत?”

मी पूर्वेकडून सुरुवात केली. दोन डोंगरांची नावे सांगितली आणि तिसऱ्याशी अडखळलो. नातीला ते सारे भाषांतर करून सांगावे लागत होते, म्हणून तिने मध्येच विचारले, “नानाजी, तुमच्या गावाला डोंगर आहेत?” बाई पावती लिहीत होत्या. पत्त्याच्या जागी त्यांनी टीक नोस पोस, ॲरिझोना असे लिहिले, खाली सही केली आणि सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले.